बेपत्ता माणसाचा दुसरा भाग

2015 च्या हिंदी 'दृश्यम'च्या शेवटी प्रेक्षकाला एक गोष्ट कळते, जी पडद्यावरच्या एकाही पोलिसाला ठाऊक नसते. समीर देशमुख हा बेपत्ता मुलगा गोव्यातल्या पांडोलेम या कल्पित गावच्या नव्याकोऱ्या पोलीस ठाण्याच्या फरशीखाली पुरलेला आहे. त्याला शोधणारी माणसं त्याच्याच वर टेबलखुर्च्या मांडून बसली आहेत. ही गाठ इतकी घट्ट बसली होती की पुढे सांगण्यासारखं काही उरलंय, असं वाटायला जागाच नव्हती. त्याला पुरणारा केबलवाला विजय साळगावकर सुटला, समीरची आई आयजी मीरा देशमुख हरली, पडदा पडला.

पण एक तरुण मुलगा नाहीसा झाला आहे आणि त्याच्या आईवडिलांच्या हाती त्याची राखही आलेली नाही. ही गोष्ट पडदा पडल्यावरही चालूच असते. खून झालेल्या माणसाची कथा खुनी सापडला की मिटते. बेपत्ता माणसाची कथा तशी मिटत नाही, कारण तिच्यात दु:खाला सुरुवात करायलाच कुणी परवानगी दिलेली नसते. आपल्याकडच्या कायद्यालाही हे माहीत आहे. सात वर्षं ज्याची काही खबर नाही तो मेला असं कोर्ट धरून चालू शकतं आणि हिंदू विवाह कायद्यात तेवढ्याच मुदतीनंतर घटस्फोट मागता येतो. सात वर्षं हा आकडा कुणीतरी व्यवहारासाठी ठरवलेला आहे. घरातल्या माणसांना तो लागू पडतोच असं नाही.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की छोट्या गावातून माणूस नाहीसा होण्याची जी मानसिक थरारकथा सध्या जगभरच्या पडद्यावर एवढी फोफावली आहे, तिचा खरा कस पहिल्या भागात लागतच नाही. पहिल्या भागाला कोडं पुरतं. तो कुठे गेला, कुणी नेला, शेवटचं कुणी पाहिलं, या प्रश्नांवर आठ-दहा भाग सहज निघतात. दुसऱ्या भागात कथाकाराला ठरवावं लागतं की आपल्याला कोड्यात रस होता की माणसांत. बहुतेक जण इथे आणखी एक कोडं काढतात. मोजकेच लोक काळाकडे बघतात. या लेखात मी त्या मोजक्यांबद्दल आणि जवळ येऊन हुकलेल्यांबद्दल लिहिणार आहे. शेवट उघड केल्याशिवाय हे बोलता येणार नाही, हे आधीच सांगतो.

'दृश्यम'पासूनच सुरुवात करणं योग्य, कारण ते आपल्या अंगणातलं आहे. मूळ मल्याळम चित्रपट जीतू जोसेफ यांचा, डिसेंबर 2013 चा. तिथला नायक जॉर्जकुट्टी मोहनलाल यांनी उभा केला. चौथीपर्यंत शिकलेला, सिनेमे बघून बघून जगाची रीत शिकलेला केबलवाला. त्यानंतर कन्नड, तेलुगू, तमिळ, हिंदी, सिंहली आणि चिनी अशा आवृत्त्या निघाल्या. हिंदी आवृत्तीचं दिग्दर्शन 'डोंबिवली फास्ट'वाल्या निशिकांत कामत यांनी केलं. कामतांना मध्यमवर्गीय माणसाचा रोजचा रस्ता नेमका दिसायचा. त्यांचं पांडोलेम म्हणजे पर्यटकांचा गोवा नव्हे. बसस्टँड, पोलीस चौकी, कोपऱ्यावरचं हॉटेल, उधारीवर चालणारी दुकानदारी आणि सगळ्यांना सगळ्यांचं माहीत असण्याची सवय, असं ते गाव. विजयचा डाव चालतो तो या सवयीच्या जोरावर. दोन आणि तीन ऑक्टोबरला आम्ही पणजीला सत्संगाला गेलो होतो, ही थाप तो एकट्याच्या तोंडून वदवत नाही. हॉटेलवाला, बस कंडक्टर, सिनेमागृहाचा माणूस यांच्या आठवणीत तो ती पेरतो आणि गाव ती खरी समजून पोलिसांसमोर शपथेवर सांगतो. छोट्या गावाची साक्ष एवढी चांगली वापरलेली मी दुसऱ्या कुठल्या भारतीय चित्रपटात पाहिलेली नाही.

फेब्रुवारी 2021 मध्ये, महासाथीच्या काळात, मल्याळम 'दृश्यम 2' थेट ॲमेझॉन प्राइमवर आला. कथेत सहा वर्षं गेलेली आहेत. पहिला जवळजवळ तास काहीच घडत नाही, अशी तक्रार तेव्हा बऱ्याच जणांनी केली. माझ्या मते तो तास म्हणजेच हा चित्रपट आहे. जॉर्जकुट्टी आता थिएटरचा मालक आहे, चित्रपट काढायच्या गोष्टी करतो, रात्री पितो. बायको राणी त्याच्या या स्वप्नावर वैतागलेली आहे. मोठी मुलगी अंजू फिट्सच्या आजाराने ग्रासलेली आहे, पोलीस दिसले की तिचा जीव गोळा होतो. आणि गाव बदललं आहे. हा बदल जोसेफ यांनी चहाच्या टपरीवरच्या गप्पांतून दाखवला आहे. पहिल्या भागात ज्या बाकांवर बसून लोक जॉर्जकुट्टीची बाजू घेत होते, त्याच बाकांवर आता कुजबुज आहे. पैसा आला कुठून, मुलगी रात्री त्या पोराबरोबर होती म्हणे, खून यानेच केला असणार. नवीन पुरावा एकही निघालेला नाही. फक्त माणूस वर आला आहे आणि गावाला ते सोसलेलं नाही. ज्यांच्या साक्षीवर तो सुटला त्यांचीच नजर फिरली, आणि त्यासाठी कुणा खलनायकाची गरज पडली नाही. सहा वर्षं गेली एवढंच कारण. छोट्या गावात राहिलेल्या कुणालाही ही टपरी ओळखू येईल.

शेजारी राहायला आलेलं जोडपं हा या तासाचा दुसरा आधार. नवरा दारुडा, बायको मार खाणारी, राणी तिला आधार देते, दोघींची गट्टी जमते. मग कळतं की दोघंही वेषांतर केलेले पोलीस आहेत. ही कलाटणी धक्का म्हणून चांगलीच आहे, पण ती टोचते ते वेगळ्या कारणाने. सहा वर्षं कुणाशीही मन मोकळं करू न शकलेल्या बाईला जी एक मैत्रीण मिळाली तीही पाळतीवर ठेवलेली निघते. राणीचं एकटेपण किती खोल आहे हे त्या क्षणी दिसतं. 2022 च्या हिंदी आवृत्तीत ही शेजारीण नेहा जोशी यांनी केली आहे आणि त्यांच्या संयत कामामुळे तो विश्वासघात आणखी लागतो. खून करून पळताना विजयला ठाण्याच्या बांधकामातून बाहेर पडताना पाहणारा डेव्हिड सिद्धार्थ बोडके यांनी केला आहे. तुरुंगातून सुटल्यावर बायकोने झिडकारलेला, कामाच्या शोधात वणवण करणारा डेव्हिड हीसुद्धा काळाचीच किंमत आहे. मुलाच्या बेपत्ता होण्याशी त्याचा काही संबंध नव्हता, तरी ती रात्र त्याच्याही आयुष्यात येऊन बसली.

आणि मग उत्तरार्ध येतो. सांगाडा सापडतो, जॉर्जकुट्टी गुन्हा कबूल करतो, डीएनए जुळत नाही. मग लेखक विनयचंद्रन येऊन उलगडा करतो की या माणसाने सगळं आधीच चित्रपटाची कथा म्हणून लिहवून घेतलं होतं, पुस्तक छापलं होतं, दुसऱ्या तरुणाचा सांगाडा मिळवून ठेवला होता आणि तपासणीला जाण्याआधी तो बदलला. प्रेक्षकांनी इथे टाळ्या वाजवल्या. गाठ खरोखर हुशारीने बांधलेली आहे, पण तिची किंमत मोठी आहे. सहा वर्षं भीतीत काढलेला माणूस सहा वर्षं योजना करत होता, असं कळलं की त्याची दारू, त्याची घालमेल, रात्रीचं जागणं या सगळ्याला मागे जाऊन नवा अर्थ लागतो. जे दु:ख म्हणून पाहिलं ते तयारी होतं. पूर्वार्धाने ज्या बापाला माणूस केलं त्याला उत्तरार्धाने पुन्हा जादूगार केलं. हिंदी आवृत्तीत हे जास्तच खटकतं, कारण अभिषेक पाठक यांनी पूर्वार्धातला संथपणा आवरता घेतला आणि पार्श्वसंगीताचा जोर वाढवला. अक्षय खन्ना यांचा आयजी तरुण अहलावत चमकदार आहे, पण त्याच्या येण्याने चित्रपट पुन्हा बुद्धीच्या कुस्तीकडे वळतो.

तरीही शेवटची एक गोष्ट हा चित्रपट वाचवते. बेपत्ता मुलाच्या बापाने नायकाकडे न्याय मागितलेला नाही. त्याने अवशेष मागितले आहेत, शेवटचे विधी करता यावेत म्हणून. आणि अखेरीस ती राख त्याच्याकडे पोचते. ज्या समाजात देह मिळाला नाही तर प्रतिमा करून पालाशविधी करण्याची तजवीज शास्त्राने करून ठेवली आहे, तिथे या मागणीचं वजन वेगळं सांगायला नको. हिंदीत रजत कपूर आणि तब्बू यांच्या चेहऱ्यांवर ते दिसतं. बापाला संपवायचं आहे, आईला अजून लढायचं आहे. एकाच मुलाच्या जाण्याने नवराबायको दोन वेगळ्या वाटांनी गेले. जोसेफ यांनी याच दोघांवर आणखी अर्धा तास घालवला असता तर 'दृश्यम 2' मोठी कलाकृती झाली असती, असं मला मनापासून वाटतं. चिनी रूपांतरात, 2019 मध्ये, नायक शेवटी स्वत:हून गुन्हा कबूल करतो. हा शेवट बाळबोध म्हणून हसण्यावारी नेला गेला. पण त्यामुळे त्या कुटुंबाच्या कथेच्या दुसऱ्या भागाची दारंच बंद झाली आणि बेपत्ता मुलाच्या आईबापाला उत्तर मिळालं, हेही ध्यानात घ्यायला हवं.

काळाची किंमत मोजण्याच्या बाबतीत गेल्या दहा-बारा वर्षांत मला सर्वांत धीट वाटलेला दुसरा भाग अमेरिकेतला आहे. 'द लेफ्टओव्हर्स' ही एचबीओची मालिका. टॉम पेरोटा यांच्या कादंबरीवर डेमन लिंडेलॉफ आणि पेरोटा यांनी ती रचली. 14 ऑक्टोबर 2011 ला जगातली दोन टक्के माणसं एका क्षणात नाहीशी होतात. कुठे, कशी, का, काही कळत नाही आणि कळणारही नाही. 2014 च्या पहिल्या सीझनमध्येच कादंबरी संपली. 2015 च्या दुसऱ्यासाठी कथाकारांनी टेक्सासमधलं जार्डन नावाचं कल्पित गाव काढलं. लोकसंख्या 9,261, आणि इथून एकही माणूस नाहीसा झालेला नाही. देशभरातले लोक पुलापलीकडे तंबू ठोकून आत शिरायची वाट बघतात, तिथलं पाणी बाटल्यांत भरून नेतात. आणि मग एका रात्री भूकंपाचा हलका धक्का बसतो, तळं कोरडं पडतं आणि तीन मुली नाहीशा होतात.

हा डाव किती विलक्षण आहे ते पाहा. पहिल्या भागातलं गूढ वाढवण्याऐवजी त्यांनी असं गाव घेतलं जे त्या गूढातून सुटलं होतं, आणि विचारलं की सुटलेली माणसं कशी जगतात. घमेंडीत जगतात. आपण निवडलेले आहोत या समजुतीवर जगतात. जॉन मर्फी हा माणूस गावात कुणी चमत्काराचा दावा केला की त्याचं घर पेटवतो. आणि त्याचीच मुलगी ईव्ही त्या तिघींत असते.

या सीझनमधला एक प्रसंग मी पुन्हा पुन्हा बघतो. ईव्हीची आई एरिका, म्हणजे रेजिना किंग, आणि नोरा, जिचा नवरा आणि दोन्ही मुलं त्या 14 ऑक्टोबरला गेली, एकमेकींसमोर बसल्या आहेत. नोरा सरकारी प्रश्नावली वाचून दाखवते. असे फॉर्म भरून घेण्याचीच तिची नोकरी होती. प्रश्न कोरडे, कारकुनी. एरिका आधी तोऱ्यात उत्तरं देते. मग बोलता बोलता सांगून जाते की ती पक्षी पेटीत घालून पुरायची, तीन दिवसांनी उघडून तो जिवंत निघाला तर मागितलेलं मिळतं असं तिच्या आजीने सांगितलेलं होतं. नवऱ्याला सोडून जायचं ठरवलं आणि मुलांचं नीट होऊ दे असं मागितलं. यावेळी पक्षी जिवंत निघाला. आणि दुसऱ्या दिवशी मुलगी गेली. नोरा हे ऐकून तिला धीर देत नाही. असल्या समजुतीला ती थारा देत नाही, उलट तिच्यावर कठोरपणे तुटून पडते. कॅमेरा दोघींच्या चेहऱ्यांवर जवळून, लांबच लांब थांबतो. संगीत नाही, फ्लॅशबॅक नाही. बेपत्ता मुलीबद्दल या प्रसंगात नवी माहिती काहीच मिळत नाही, पण माणूस नाहीसा झाल्यावर मागे राहिलेला माणूस स्वत:ला कशा-कशाबद्दल दोषी धरतो, ते सगळं त्यात आलं आहे. आपल्याकडे नवस फेडायचा राहिला म्हणून मुलगा परत आला नाही असं आयुष्यभर मानणाऱ्या बायकांना ही एरिका परकी वाटणार नाही.

मुली कुठे गेल्या याचं उत्तर हा सीझन देतो. त्या नाहीशा झालेल्याच नव्हत्या, स्वत:हून निघून गेल्या होत्या, आणि ज्या पंथाने पहिल्या सीझनमधल्या शहराचं वाटोळं केलं त्याच पंथाचे पांढरे कपडे घालून पुलावर उभ्या राहतात. उत्तर मिळूनही आईच्या प्रश्नाला ते पुरत नाही. ती मुलीकडे धावत जाते आणि मुलगी तिच्याकडे ओळख नसल्यासारखी पाहते. सापडण्यानेही हरवणं संपत नाही, ही गोष्ट लिंडेलॉफ यांनी इतकी सरळ मांडली आहे की बघताना श्वास अडकतो.

याच गोष्टीवर बीबीसीच्या 'द मिसिंग'ने आपला दुसरा सीझन उभा केला होता. हॅरी आणि जॅक विल्यम्स या भावांची ही मालिका. पहिल्या सीझनमध्ये, 2014 मध्ये, फ्रान्समधल्या एका छोट्या गावात फुटबॉल विश्वचषकाच्या गर्दीत पाच वर्षांचा ऑलिव्हर बापाच्या हातून सुटतो. दुसऱ्यात, 2016 मध्ये, गाव, कुटुंब, देश सगळं बदललं. जर्मनीतल्या ब्रिटिश लष्करी छावणीच्या गावात ॲलिस वेब्स्टर अकरा वर्षांनी परत येते. घर आनंदात आहे आणि आईला हळूहळू वाटू लागतं की ही आपली मुलगी नाही. नवरा तिला वेड्यात काढतो. कीली हॉज यांनी ही आई केली आहे. बेपत्ता मूल परत आलं तरी अकरा वर्षांनंतर ते तेच मूल असतं का, ही शंका कुठल्याही आईला येऊ शकेल. ती शंका खरीच निघते, ती मुलगी दुसरीच, सोफी नावाची, तिथून कोड्याला बळ मिळतं आणि आईची मूळ भीती बाजूला पडते. तरी दोन्ही सीझन जोडणारा फ्रेंच तपास अधिकारी ज्युलियन बाप्टिस्त, चेकी कार्यो यांचा, याने या मालिकेला जे शहाणपण दिलं ते विसरता येत नाही. लंगडत चालणारा, आजारी, निवृत्त झालेला हा माणूस बघितला की तपासालाही वय होतं, हे जाणवतं.

पॉलिन बॉस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1970 च्या दशकात आग्नेय आशियातल्या युद्धात बेपत्ता झालेल्या वैमानिकांच्या कुटुंबांचा अभ्यास केला होता. मेला की जिवंत हे ठाऊक नसलेल्या माणसाचं दु:ख इतर दु:खांसारखं सरत नाही, घरातली माणसं त्यात अडकून पडतात, हा त्यांचा निष्कर्ष. अशा घरांना उत्तर मिळवून देण्यापेक्षा उत्तराविना जगायला मदत करावी लागते, असं त्या मांडत आल्या. पडद्यावरच्या कथाकारांनी हे वाचलेलं असो वा नसो, चांगले दुसरे भाग नेमके याच वळणावर उभे आहेत.

'डार्क' ही जर्मन मालिका याच कारणासाठी माझ्या मनात दोन जागी विभागली गेली आहे. विंडेन हे कल्पित गाव, जवळ अणुवीज केंद्र, आणि 4 नोव्हेंबर 2019 ला मिकेल नील्सन नावाचा मुलगा गुहेजवळून नाहीसा होतो. बारान बो ओडार आणि यांट्ये फ्रीझे यांनी 1953, 1986 आणि 2019 अशा तेहतीस वर्षांच्या चक्रांत गावाची चार घराणी गुंतवली. तीन सीझनमध्ये कोडं एवढं वाढलं की वंशवृक्ष कागदावर काढून बघणाऱ्यांची फौज तयार झाली. तिसऱ्या सीझनमध्ये दुसरं जग आलं, तिथे मला गाव हरवल्यासारखं वाटलं. माणसं चौकटीतल्या सोंगट्यांसारखी हलू लागली. पण दुसऱ्या सीझनमध्ये एक जागा आहे. मुलाच्या शोधात भूतकाळात अडकलेला उल्रिख म्हातारा झाला आहे, चौतीस वर्षं वेड्यांच्या इस्पितळात आहे. 1987 मध्ये तो शेवटी मिकेलपर्यंत पोचतो. मुलगा अजून मुलगाच आहे. बाप ओळखू न येण्याइतका वृद्ध. त्याला मिठीत घेऊन तो पळायला निघतो आणि पोलीस त्या वेड्या म्हाताऱ्याला धरून परत नेतात. काळयंत्र, कण, बोगदे हे सगळं कशासाठी रचलं, याचं उत्तर त्या काही मिनिटांत मिळतं. हे जमत असूनही कथाकारांनी पुढे जगबुडी टाळण्याला जास्त वेळ दिला, याची मला आजही हळहळ वाटते.

जेन कॅम्पियन यांच्या 'टॉप ऑफ द लेक'चंही असंच झालं. 2013 मध्ये न्यूझीलंडच्या डोंगरातल्या तळ्याकाठी बारा वर्षांची गरोदर टुई नाहीशी होते आणि गावच्या पुरुषांचं सगळं पाप वर येतं. 2017 चा दुसरा भाग सिडनीला हलवला. कथा वाईट नाही. पण तळं गेलं, गाव गेलं आणि त्याबरोबर लपवण्याची जी सामूहिक सवय पहिल्या भागाचा प्राण होती तीही गेली. शहरात माणूस हरवला तर तो गर्दीत हरवतो. गावात हरवला तर कुणाला तरी माहीत असतंच.

आपल्याकडे मराठीत या प्रकारातले दुसरे भाग मला आठवतात ते दोन. सुहास शिरवळकरांच्या कादंबरीवरची 'समांतर' ही वेबमालिका, पहिला सीझन 2020 चा, दुसरा 2021 चा. कुमार महाजन सुदर्शन चक्रपाणी नावाच्या माणसाला शोधतो, ज्याचं भोगून झालेलं आयुष्य कुमारच्या वाट्याला यायचं आहे. शोधाचा पहिला भाग बांधेसूद आहे. दुसऱ्यात चक्रपाणी सापडलेला आहे, त्याच्या रोजनिशा हातात आहेत, आणि उद्या काय होणार हे वाचूनही माणूस ते थांबवू शकत नाही, ही कल्पना मानसिक थराराला फार मोठी जागा देत होती. ती जागा प्रेमप्रकरणाच्या वळणांनी भरून गेली. 'रात्रीस खेळ चाले' या मालिकेने मात्र 2019 च्या दुसऱ्या भागात वेगळा मार्ग धरला. ती मागे गेली. पहिल्या भागात अण्णा नाईक सुरुवातीलाच मरतात आणि सावंतवाडीजवळच्या आकेरीत चित्रित झालेल्या त्या वाड्यात त्यांची फक्त दहशत उरते. दुसऱ्या भागाने जिवंत अण्णा दाखवले. माधव अभ्यंकर यांचा तो माणूस बघितल्यावर गाव गप्प का होतं, वाड्यात काय पुरलेलं आहे, हे सगळं कळलं. रोजच्या मालिकेच्या मोजमापात लांबण लागली, मान्य. पण उत्तर पुढे शोधण्याऐवजी मागे शोधायचं, हा निर्णय आपल्या वाहिन्यांवर घेतला गेला याचं कौतुक व्हायला हवं. कोकणातल्या, विदर्भातल्या एखाद्या तालुक्याच्या गावातून मुलगी नाहीशी होते आणि दहा वर्षांनी त्या घरी कथा परत जाते, असा मराठी दुसरा भाग अजून कुणी केलेला नाही. रत्नाकर मतकरींच्या गूढकथांनी वाढलेल्या भाषेत तो व्हायला हवा होता.

आता या सगळ्यांच्या आधीचं आणि या सगळ्यांच्या पुढचं एक काम. डेव्हिड लिंच आणि मार्क फ्रॉस्ट यांची 'ट्विन पीक्स' 1990 मध्ये सुरू झाली ती बेपत्ता मुलीने नव्हे, मृतदेहाने. सकाळी मासे धरायला निघालेल्या पीटला किनाऱ्यावर प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली लॉरा पामर दिसते. वाहिनीच्या दबावाखाली दुसऱ्या सीझनच्या मध्यावरच खुनी उघड करावा लागला आणि मालिकेचा दम गेला. 1991 मध्ये ती बंद पडली. 2017 मध्ये, पंचवीसहून अधिक वर्षांनी, लिंच यांनी स्वत: दिग्दर्शित केलेले अठरा भाग घेऊन ते परत आले. जुने नट म्हातारे झालेले, काही आजारी. ओंडका हातात घेऊन बोलणारी बाई करणाऱ्या कॅथरिन कोल्सन यांनी आपले प्रसंग शेवटच्या आजारपणात चित्रित करून दिले आणि 2015 मध्ये त्या गेल्या. पडद्यावर काळ दाखवण्यासाठी रंगभूषेची गरज उरली नव्हती.

सतराव्या भागात लिंच यांनी जे केलं ते मी दुसऱ्या कुठल्याही दुसऱ्या भागात पाहिलेलं नाही. तपास अधिकारी कूपर लॉराच्या खुनाच्या रात्री परत जातो. तिचा हात धरून तिला जंगलातून घेऊन निघतो. आणि मग 1990 च्या पहिल्या भागातलंच चित्रण येतं, तोच किनारा, तोच ओंडका, पण प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला देह हळूहळू विरून जातो. पीट शांतपणे मासे धरायला जातो. खून टळला. पण जंगलात कूपरच्या हातातून लॉराचा हात सुटतो, एक किंकाळी ऐकू येते आणि ती नाहीशी होते. फ्रॉस्ट यांच्या त्याच वर्षीच्या पुस्तकात तर गावच्या वर्तमानपत्रात लॉरा बेपत्ता झाल्याची बातमी आहे. नायकाने मुलीला वाचवलं आणि त्यामुळे ती मेलेली होती त्याची बेपत्ता झाली. त्याच भागात लॉराची आई सारा घरात तिचा फोटो जमिनीवर ठेवून त्यावर बाटलीने घाव घालते. मेलेल्या मुलीचं दु:ख करून कशीबशी जगलेल्या बाईच्या वाट्याला आता कधीही न संपणारी वाट बघणं आलं, असा मी तो प्रसंग वाचतो. सगळं पूर्ववत करून टाकू, हा प्रत्येक दुसऱ्या भागाचा मोह लिंच यांनी शेवटापर्यंत नेऊन दाखवला.

एवढी कठोर गोष्ट सगळ्यांनी करावी असं मी म्हणत नाही. पण आज ओटीटीवर दर आठवड्याला एखाद्या धुकेरी गावात एक मूल नाहीसं होतं, शेवटच्या भागात दुसरं नाहीसं होतं म्हणजे पुढचा सीझन पक्का, आणि पहिल्याच्या आईचं पुढे काय झालं हे कुणी विचारत नाही. या कारखान्यात पोलीस अधिकाऱ्याची दारू आणि मोडलेलं लग्न यांनाच मानसशास्त्र समजलं जातं. गावाचं चित्रण ड्रोनमधून होतं. वरून दिसणारं जंगल, वरून दिसणारा रस्ता. टपरीवरचं बाक वरून दिसत नाही.

'दृश्यम'चा तिसरा भाग जाहीर झालेला आहे. जोसेफ यांना माझं सांगणं एकच राहील की या वेळी धाकट्या मुलीकडे जा. पहिल्या भागात ती कोवळी पोर बापाने घोकून घेतलेलं खोटं पोलिसांसमोर बोलत राहते आणि मार खाल्ल्यावर तीच फुटते. खड्डा उकरला जातो, त्यात जनावराचं मढं निघतं आणि घर वाचतं. तिने घरच्यांना दगा दिला की नाही, हे तिचं तिला कधी कळलं असेल? बापाला ती फुटणार हे आधीच ठाऊक होतं का, देह तिथून हलवताना त्याने हे गृहीत धरलं होतं का? दुसऱ्या भागात ती शाळेत जाणारी, हट्ट करणारी, जवळजवळ विसरलेली मुलगी म्हणून येते आणि निघून जाते. आता ती मोठी झाली असेल, बापासमोर बसून हे विचारण्याइतकी.